पोळ्याला जीप जुंपायची नाही

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडा झाला आणि जीप आली! मोगरतळकरांनी धुतलीसुद्धा नाही. स्ट्रेचरवर खताचं पोतं टाकलेलं. बन्सीधरभाऊंना तिथल्या तिथं फोन लावला. म्हटलं, जीप तीन गावांची आहे, तुमच्या मळ्याची नाही! तर म्हणतात कसे, "ताई, जरा हळू. सरपंच मी बी हाय." असाल! पोतं कुणाचं ते सांगा.

पण आली एकदाची. कान्हेवाडी, रुईतळ, मोगरतळ – तीन गावं आणि तिन्हींचीही झोळी फाटकी. म्हणून सगळं सामायिक केलं. ग्रामसेवक एक, कचऱ्याची गाडी एक, आजारी माणसाला न्यायला ही जीप एक, तिचा ड्रायव्हर गोपीचंद एक. दर शुक्रवारी नारळ फोडायचा आणि जीप पुढच्या गावाच्या ताब्यात द्यायची. आमच्याकडून रुईतळला, तिथून मोगरतळला, तिथून परत आमच्याकडं.

पावसाळ्यात दुसरं काही चालतच नाही. काळ्या मातीत तालुक्याची गाडी फाट्यापाशीच थांबते. चिखलातून येते ती ही जीपच. आणि आमच्या अन् रुईतळच्या मधला ओढा भरला की जीप ज्या गावात उभी, त्याच गावाची. म्हणून तर मुक्कामाच्या पाळ्या लावल्या. मीच लावल्या.

१७ ऑगस्ट

ज्ञानेश्वरीच्या पायाला सूज आहे. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून हौसेनं आणली आणि आता माझाच जीव थाऱ्यावर नाही. तारीख महिनाअखेरची. पण तारखेचं काय, प्रियांकाची पण तारीख लांबच होती.

दोन वर्षं झाली. थोरली माझी. असाच पाऊस, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकली होती. फाटा दिसायला लागला आणि माझा हात धरलेला तिचा हात सैल पडला. बाळही गेलं. त्यानंतरच मी सरपंचकीला उभी राहिले. लोकांना वाटतं, कोकिळाबाईला खुर्चीची हौस. वाटू द्या.

१९ ऑगस्ट

पाऊस. थांबायचं नाव नाही.

गोपीचंद रुईतळहून डबा घेऊन आला. सुलावहिनींनी ज्ञानेश्वरीला धपाटे आणि दही पाठवलं. सुलावहिनी म्हणजे रुईतळच्या सरपंचांची, महारुद्रभाऊंची बायको. जीपची पहिली बैठक त्यांच्या ओसरीवर झाली होती. तिन्ही सरपंच पहिला मान कुणाचा यावर भांडत होतो. आमचं गाव मोठं, आमचं देवस्थान जुनं, काय न् काय! तेव्हा आतून वहिनी म्हणाल्या, "आजाऱ्याला कसला मान? ज्याला लागंल त्याची पाळी." भांडण तिथंच मिटलं. माझा तर त्या दिवसापासून त्यांच्यावर जीव आहे.

ज्ञानेश्वरीनं चारही धपाटे संपवले. बरं वाटलं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आज खांदेमळणी. उद्या पोळा. आणि उद्याच शुक्रवार – जीप रुईतळला जायची.

ओढ्याला पाणी चढलंय. उद्या जीप पलीकडं गेली आणि रात्रीतून हिच्या पोटात दुखायला लागलं तर? सेलूला, तालुक्याच्या दवाखान्यापाशी, आधीच नेऊन ठेवावं तर तिथं आपलं घर नाही. ह्यांना विचारलं. म्हणाले, "नियम तूच केलायस." हे असंच बोलतात! एक वाक्य आणि परत बैलाच्या अंगाला हळद लावायला मोकळे.

संध्याकाळी पारावर हसून हसून पुरेवाट. गोपीचंदनं बैलांबरोबर जीपच्या बॉनेटलाही तूप-हळद चोळली आणि हात जोडून म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या!" बायका म्हणाल्या, ह्यालाही झूल घाला, बाशिंग बांधा. कुणीतरी म्हणालं, मग उद्या जुंपायचं न्हाई बरं का!

सगळे हसले. मी पण हसले. पण ते वाक्य डोक्यातून जाईना.

२२ ऑगस्ट, पोळा

केलं.

जीपला बेगड लावलं, बाशिंग बांधलं, मारुतीपुढं बैलांच्या ओळीत उभी केली. मीच ओवाळली. पुरणपोळीचा घास बॉनेटवर ठेवला. मग महारुद्रभाऊंना फोन केला. म्हटलं, भाऊ, आज पोळा, आज चाक जुंपायचं नाही असं गाव म्हणतंय. उद्या कर. करीच्या दिवशी कुणी नवं काही ताब्यात घेत नाही. परवा नारळ फोडू.

गाव काही म्हणत नव्हतं. मी म्हणत होते. पण असं बोलल्यावर नाही कोण म्हणणार? सणाच्या आड कुणी येतं का!

मागून सुलावहिनी काहीतरी बोलत होत्या, मला ऐकू आलं नाही. मग भाऊ म्हणाले, "बरं ताई. राहू द्या. सण नीट करा."

इतक्या सहज! फोन ठेवला आणि हायसं वाटलं. खोटं कशाला लिहू, लय हायसं वाटलं. ज्ञानेश्वरी झोपलीय. जीप दारात आहे.

२३ ऑगस्ट, कर

दिवस मावळायला महारुद्रभाऊंचा फोन. आवाज ओळखू येईना. "ताई, गाडी धाडा. सुलाला पान लागलंय." वैरण काढताना गंजीत साप होता.

मी अनवाणीच पळाले. गोपीचंदनं बाशिंग ओरबाडून फेकलं आणि निघाला. ओढ्यात जीप बंद पडली. तिकडून भाऊंनी वाट बघून बघून वहिनींना ट्रॅक्टरवर घातलं. ट्रॉलीत गादी टाकून.

पुढचं लिहवत नाही.

२४ ऑगस्ट

सुलावहिनी गेल्या. फाट्याच्या अलीकडंच.

२६ ऑगस्ट

भेटायला जाऊन आले. ओढ्यातून चालत, मांडीभर पाणी.

ओसरी माणसांनी भरलेली. बन्सीधरभाऊ म्हणायलेत, "करीचा दिसच वाईट." कुणी चिखलाला बोल लावतंय, कुणी ओढ्याला. मला कुणीच काही म्हणेना. उलट एक म्हातारी माझा हात धरून म्हणाली, "तुझ्यामुळं गाडी तरी झाली, माय." मी हात सोडवून घेतला.

महारुद्रभाऊ खांबाला टेकून बसले होते. मला बघून उठायला लागले. मी म्हटलं, बसा भाऊ. त्यांनी विचारलं, "ज्ञानेश्वरी बरी हाय?"

मी मान हलवली. तोंड उघडलं असतं तर सगळं सांडलं असतं. सांगायला पाहिजे होतं. तिथंच, सगळ्यांसमोर. नाही सांगितलं. भित्री आहे मी, दुसरं काय! एरवी कलेक्टरपुढं जीभ चुरूचुरू चालते.

ओढ्यातून ओढून काढलेली जीप दुरुस्त झाली, पाणी उतरल्यावर आजच रुईतळला पाठवली. बिननारळाची.

२७ ऑगस्ट

जीप परत आली! गोपीचंद म्हणाला, "भाऊंनी सांगितलं, कान्हेवाडीतच ठिव." का, ते विचारायची त्याची छाती झाली नाही. माझी तरी कुठं होते.

दाराशी उभी आहे. चाकात अजून बेगडाचा तुकडा अडकलाय. मी मागच्या दारानं ये-जा करते.

२९ ऑगस्ट

नर्सबाई आल्या होत्या. सूज बघून म्हणाल्या, वाट कशाला बघता, उघडीप आहे तोवर सेलूला नेऊन भरती करा. माझ्या बहिणीची खोली आहे, तुम्ही तिथं राहा.

एवढं सोपं! आठ दिवसांपूर्वी त्या इथंच, चौथ्या घरात बसून लसी टोचत होत्या. मी विचारलंच नाही. मला जीपच दिसत होती, दुसरं काही दिसतच नव्हतं.

रस्ता सुकलाय. शेजारच्या ऑटोत बसून गेलो. ऑटोत! जीपला हातसुद्धा लागला नाही.

१ सप्टेंबर

ज्ञानेश्वरीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. ह्यांनी पेढे वाटले. मी संडासाच्या मागं जाऊन रडले. कशासाठी रडले, मलाच कळेना. मुलीचं नाक प्रियांकावर गेलंय.

४ सप्टेंबर

आज तिकडं तेरावं. मी सेलूतच थांबले. ह्यांना पाठवलं. बाळंतिणीचं कारण सांगितलं. कारणं बरी सापडतात मला.

७ सप्टेंबर

काल घरी आलो. महारुद्रभाऊ आज मोटारसायकलवर आले. पिशवीतून झबलं-टोपडं काढलं, पिवळं. वहिनींनी आधीच शिवून ठेवलं होतं म्हणे. बाळाला मांडीवर घेऊन बसून राहिले.

मला राहवलं नाही. म्हटलं, भाऊ, पोळ्याला जुंपायचं नाही, हे गाव म्हणत नव्हतं. मी–

त्यांनी मान वर केली नाही. बाळाच्या टोपड्याची नाडी बांधत म्हणाले, "ठाव हाय, ताई. पोळा आमच्या बी गावात असतो की. मी तर गाडी आनायला निगालो हुतो. सुलाच मला म्हनली, 'राहू द्या तिकडं. त्यांची एक पोर वाटंत गेलीय. आपल्याकडं कोन आजारी हाय?'"