गढूळ पाण्यावर माझा अंगठा

मंगळवार, आषाढ. खडवली.

लिही गं सूनबाई, आणि माझ्या शिव्या गाळू नकोस.

आज आपल्या मातीच्या धरणावर कल्याणहून पाटबंधारे खात्याचे साहेब आलेले. बूट पांढरे, म्हणून बांधाखाली उतरलेच नाहीत. मी म्हटलं, "साहेब, पायथ्याशी पाणी झिरपतंय. आधी नितळ यायचं, आता गढूळ येतंय. म्हणजे बांधाची आतली माती चाललीये."

"आजी, पावसात सगळंच गढूळ असतं. तक्रार लिहून घेतलीय, अंगठा द्या."

दिला. ऐटीत दिला!

संध्याकाळी तू प्रत वाचलीस. 'पाहणी केली. गळती नाही. ग्रामस्थांचे समाधान झाले.' खाली माझा अंगठा. माझं समाधान झालं आणि मलाच पत्ता नाही?

धरणाखाली आपली अख्खी वाडी झोपते. फुटलं तर म्हणतील, म्हातारीनंच लिहून दिलेलं. तीनदा राखेनं घासला अंगठा. शाई जात नाही मेली.

पायथ्याचं पाणी बाटलीत भरून आणलंय. बघ, तळाला बोटभर माती बसली. एवढं धरण आज आपल्या घरात आलं. बाकीचं यायच्या आत उद्या ही बाटली कल्याणला, साहेबांच्या टेबलावर. तू चल सोबत. यापुढे आधी तू वाचणार, मग माझा अंगठा उठणार.