बिब्ब्याची रेघ

कडेगाव,
ता. ९ जानेवारी १९४५

ती. सौ. बनुआक्का हिचे सेवेशी,

राहीचा शि. सा. न. वि. वि. इकडे खुशाली आहे असं म्हणायचं आणि पुढचं लिहायचं.

पुण्याच्या लष्करी दवाखान्यातून यांचं पत्र आलं. शेजारच्या खाटेवर मिरजेचा दिलावर म्हणून शिपाई आहे, त्याच्या हातचं. इटलीत गोळा फुटला त्यात डावा डोळा गेला तो गेलाच. उजव्यावर पट्टी आहे. हा वाचेल, होळीच्या सुमारास पट्टी सोडू, असं डॉक्टरसाहेब म्हणतो. मामंजी अंथरुणाला खिळलेले, मला उंबऱ्याबाहेर पडता येत नाही. जीव सगळा त्या एका डोळ्यात अडकलाय.

मी एक उद्योग आरंभलाय, हसू नकोस. तिथली उशी दगडासारखी आहे असं त्यांनी कळवलं, म्हणून सावरीच्या कापसाची मऊ उशी करतेय आणि तिच्या अभ्र्यावर हातानं चित्रं काढतेय. पट्टी सुटली की पहिल्यांदा आपलं घर दिसावं. एका कोपऱ्यात ऊस, दुसऱ्यात डोंगराईचा डोंगर, तिसऱ्यात मोट, चौथ्यात आमची बांडी शेळी. मधे कोयऱ्या. तांबडा रंग कावेचा, पिवळा हळदीचा. लढाईपायी विलायती रंग बाजारातून गेले आणि काळा काही केल्या टिकेना. शेवटी रंगाऱ्याच्या चांदबीनं वाट दाखवली. परीट कपड्यावर बिब्ब्यानं खूण करतो ती कधी जाती का गं, म्हणाली. बिब्बा तापवून तेल काढलं, शिंदीची काडी ठेचून कुंचला केला. रेघ अशी उठलीय की पाहत राहावं. बिब्बा अंगाला लागू नये म्हणून अभ्रा चुन्याच्या निवळीत आणि रिठ्यात पुन्हा पुन्हा धू, असं तिनं बजावलंय. पण एकाच धुण्यात हळद निम्मी उतरली, म्हणून मी तेवढ्यावरच थांबवलं. पिवळ्याशिवाय ऊस कसला?

दाजी गुळाच्या कामाला पुण्याला जातील तेव्हा उशी नेतील का? मुलांना पापे. माया कमी करू नकोस एवढंच मागणं.

तुझी,
राही


मलकापूर,
ता. ४ फेब्रुवारी १९४५

चि. सौ. राहीस,

बनुचे अनेक आशीर्वाद वि. वि. उशी पोचली. चार दिवस आमच्या घरी पाहुणीसारखी राहिली. शेजारच्या धोंडुबाईनं तर तीनदा येऊन पाहिली. तुझा ऊस केरसुणीसारखा झालाय आणि शेळीला गाढवाचे कान आहेत, ते आकारामरावांना नजर आल्यावर कळेलच. पण रेघ मात्र खरोखर देखणी. लहानपणी शेणानं भिंतीवर मोर काढायचीस आणि आई पोतेऱ्यानं पुसून टाकायची, त्याची आठवण झाली आणि डोळे भरून आले.

आमचे हे परवा कऱ्हाडच्या स्टेशनावरून गाडीत बसले. ती मांडीवर घेऊनच बसतो, खाली ठेवत नाही, असं म्हणून गेले. उशी कवळून स्टेशनापर्यंत मीच चालले होते. तेव्हापासून माझं मनगट खाजतंय आणि बारीक पुरळ उठलंय. स्टेशनावरचे ढेकूण असतील, दुसरं काय!

काळजी करू नकोस. सगळं मनासारखं होईल. तुझ्या पत्राची वाट पाहायला लावू नकोस, मला दुसरी बहीण नाही.

तुझी,
बनुआक्का


पुणे, लष्करी दवाखाना,
ता. २६ फेब्रुवारी १९४५

रा. रा. जोतिबाराव यांस,

आकारामाचा रामराम वि. वि. हे दिलावरभाई लिहीत आहेत. हे पत्र आक्कांना दाखवा, पण कडेगावला यातलं अक्षर जाऊ देऊ नका.

तुम्ही उशी दिलीत त्या रात्री मी तिच्यावर तोंड टेकून झोपलो. घरचा वास येत होता. सकाळी गाल पेटला. दुपारपर्यंत तोंड सुजलं आणि पाण्याचे फोड आले. तेव्हा तो वास कशाचा ते ध्यानात आलं. लहानपणी काटा मोडला म्हणून आईनं पायाला बिब्ब्याचा चटका दिला होता, तर मांडीपर्यंत पाय उतून, फोडांनी भरून महिनाभर निजून होतो. तेव्हापासून आमच्या घरात बिब्बा आणत नव्हते. आई लग्नाआधीच गेली. राहीला हे सांगणार कोण? वडील अंथरुणावर, चुलीपाशी काय चाललंय ते त्यांना कळत नाही. मलाही कधी सुचलं नाही.

सूज पट्टीखाली गेली, पू झाला. साहेबानं पुष्कळ खटपट केली. काल डोळा काढला. आता दोन्ही बाजूंनी सारखंच आहे. उशी साहेबानं जाळायला लावली.

घरी असं कळवा की जखम आतून चिघळली आणि डोळा गेला. उशी फार आवडली, वॉर्डातले सगळे हात फिरवून जातात, असं सांगा. माझे डोळे गेले ते गेले. तिच्या हाताला बोल लागू नये. तेवढं तुमच्याकडं मागतो.

आपला,
आकाराम


कडेगाव,
ता. १९ मार्च १९४५

ती. सौ. बनुआक्का हिचे सेवेशी,

राहीचा शि. सा. न. वि. वि. दाजींनी समक्ष येऊन सांगितलं ते ऐकल्यापासून मी काही लिहिलं नाही. रडून झालं. जखमच खोल होती, त्याला कोण काय करणार, असं मनाला समजावते. मामंजी म्हणाले, पोरगा जित्ता येतोय, त्येच लय झालं. मीही तेच म्हणते, पण पहाटे उठलं की छातीवर धोंडा असतो.

उशी त्यांना आवडली, दवाखान्यानं ठेवून घेतली, असं दाजी म्हणाले. माझ्या हातून तेवढं एक तरी सुखाचं घडलं. म्हणून दुसरी करायला घेतलीय, ते उन्हाळ्यात घरी येतील त्यासाठी. आता रंग कशाला हवेत? नुसत्या बिब्ब्याच्या रेघा काढणार. दाट, एकावर एक, म्हणजे बोटांना लागतील आणि ऊस कुठला, डोंगर कुठला, ते हातानं ओळखतील. या खेपेला धुणारच नाही, धुतलं की रेघ बसते. चांदबीकडून परडीभर बिब्बे आणलेत, परवा तेल काढीन.

आमच्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
राही


मलकापूर,
ता. २२ मार्च १९४५

चि. सौ. राहीस,

आशीर्वाद. पत्र घेऊन खास माणूस पाठवतेय, टपालाची वाट पाहवत नाही. बिब्ब्याला हात लावू नकोस. काढलं असशील तर ते तेल उकिरड्यात पुरून टाक.

तुला कळवायचं नाही असा शब्द आम्ही आकारामरावांना दिला होता, तो मोडतेय. त्यांना बिब्बा उततो, लहानपणापासून. जखम चिघळली नव्हती राही, त्या उशीनं तोंड उतलं आणि तो डोळा गेला. माझं मनगट खाजलं ते ढेकणांनी नव्हतं. तुला ठाऊक असतं तर तू तो घरात आणला नसतास, हे त्यांना माहीत आहे आणि मलाही. त्यांनी तुझ्यासाठी हे लपवलं. मी पण लपवलंच असतं, पण तू दुसरी करायला बसलीस. आता सांगितल्यावाचून गत्यंतर नाही.

मी रामनवमीनंतर येते. तोवर एकटी बसू नकोस, चांदबीला सोबतीला बोलव.

तुझी,
आक्का


कडेगाव,
ता. ११ जून १९४५

ती. सौ. बनुआक्का हिचे सेवेशी,

राहीचा शि. सा. न. वि. वि. तू येऊन गेलीस त्यानंतर आज लेखणी हातात धरतेय. हे परवा घरी आले. दिलावरभाई मिरजेला जाता जाता हाताला धरून सोडून गेले. गावानं हलगी वाजवली, लढाई जिंकली म्हणून साखर वाटली. त्यांनी हात पुढं केला आणि साखर घेतली.

चांदबी माझ्या समोर बसत नाही. तिचा काही दोष नाही, मीच हळदीच्या लोभानं धुवायची थांबले, हे किती वेळा सांगितलं.

पायावर पडून सगळं बोलून टाकावं असं वाटत होतं. पण आक्का, त्या माणसाजवळ मला द्यायला हे एक खोटंच उरलं होतं आणि ते त्यांनी दिलं. ते मी कसं परत करू? म्हणून मला काही ठाऊकच नाही असं दाखवते.

दुसरी उशी मी केलीय. सावरीचाच कापूस, वर कोरा पांढरा मांजरपाट. त्यावर काही नाही. पहिलीसारखीच दुसरी केलीय असं मी सांगितलं होतं, म्हणून काल जेवण झाल्यावर त्यांनी ती मागितली आणि मांडीवर घेऊन बोटं फिरवत बसले. या कोपऱ्यात काय, विचारलं. मी म्हटलं, ऊस. इथं? डोंगराई. मोट आणि शेळीही सांगितली. शेळीला शिंगं काढलीस का, विचारलं, मी व्हय म्हणाले.

मग उशी खाली ठेवली, पण डोकं टेकेनात. हळूच विचारलं, काळ्या रेघा कशानं काढल्यास. मी म्हटलं, काजळानं.

बरं केलंस, म्हणाले. मग गाल टेकला आणि निजले.

मुलांना आशीर्वाद, दाजींना नमस्कार. आम्हा दोघांना विसरू नकोस.

तुझी,
राही