न मागवलेली बाटली

प्रिय चिमणे,

मी बरी आहे. गुडघे आपापल्या जागी कुरकुरतात, तेवढीच सोबत. तू जाताना माझ्या फोनमध्ये जेवण मागवायचं ते ॲप घालून दिलंस, चित्रावर बोट ठेवायला शिकवलंस, तेव्हापासून कुणाच्या मिनतवाऱ्या कराव्या लागत नाहीत. अक्षर ओळखत नसले तरी भात ओळखते. ॲपला मात्र मी अजून ओळखू आले नाही. जन्मात मांसाला शिवले नाही, तरी भाताच्या आधी रोज एक भाजलेली कोंबडी तंगड्या वर करून समोर येते. मी तिला म्हणते, हो बाई बाजूला, आणि पुढे सरकते. हसलीस ना? आत्ताच हसून घे.

गेल्या महिन्यात मी तुला फोनवर सांगितलं, तुझ्या बापाने पिणं पुन्हा सुरू केलं म्हणून. कशावरून ते तू विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. तो आंघोळीला गेला होता, टेबलावर त्याचा फोन थरथरला. बघते तर पडद्यावर बाटली, शेजारी फेसाळलेला ग्लास. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी पुन्हा तेच. मला वाटलं, मागवली आणि निघाली म्हणून वर्दी आली. मी त्याचे शर्ट हुंगले. दुरुस्तीला आणलेल्या शिलाई मशिनींच्या मागे हात घालून पाहिलं. काही सापडलं नाही. शहाण्या बाईला तेवढं पुरलं असतं. मी म्हटलं, पोरगा लपवण्यात तरबेज झालाय. कोंबडी न मागता येते हे मला रोज दिसत होतं, पण बाटलीही तशीच येत असेल हे टाळक्यात शिरलं नाही. माझा बाटलीवर विश्वास होता, पोटच्या पोरावर नव्हता.

मग तू त्याला कळवलंस, माझ्या लग्नाला येऊ नका. बाह्या आखूड करून आणलेला कोट त्याने कपाटात टांगला आणि एका मशिनीत तेल सोडत बसला. त्याला वाटलं, जुनं सगळं अजून तुझ्या मनातून गेलं नाही. मी समोरच वाटाणे सोलत होते. मान वर केली नाही.

त्यानंतर आठवड्याने तीच बाटली माझ्या फोनवर आली. म्हटलं, आता या वयात माझंही नाव खराब होणार. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंकडे गेले. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, ‘‘आजी, हे कुणी मागवलेलं नाही. मागवा म्हणून गळ घालतायत. सगळ्यांनाच येतं.’’ मी तुझ्या बापाला सहज विचारल्यासारखं विचारलं, तर म्हणाला, तीनदा बंद केलं, कंपनीला कळवलंही, तरी येतंच. म्हणून तो फोन पालथा ठेवतो. मला वाटत होतं, माझ्यापासून लपवतोय. दारू सोडल्यापासून चौदा महिने आपलं जेवण मागवताना तो रोज त्या बाटलीला ओलांडून जात होता, चिमणे, आणि मी त्याचे शर्ट हुंगत होते.

हे कळल्यावर तरी त्याच घडीला तुला फोन करायचा ना? नऊ दिवस गप्प बसले. इतरांची उणीदुणी काढताना माझी जीभ कशी सुरीसारखी चालते. स्वतःचं सांगायची वेळ आली तर टाळूला चिकटली.

अक्षर तू पहिल्या ओळीलाच ओळखलं असशील. मी सांगतेय आणि तुझा बाप लिहितोय. चुगली मी केली हे त्याला आत्ता, वरच्या ओळी लिहितानाच कळलं. तोंडावर सांगायची छाती नव्हती म्हणून त्याच्याच हाताने लिहवून घेतलं. ‘पुन्हा सुरू केलं’ इथे त्याने पेन खाली ठेवलं. स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायला, परत येऊन बसला आणि म्हणाला, ‘‘पुढे सांग, आई.’’ आता जे सांगतेय ते लिहायला तो तयार नाही, म्हणतो, स्वतःसाठी कसं लिहू. मी म्हटलं, तुझं पत्र नाही हे, माझं आहे, लिही. तर चिमणे, तुझ्या बापाला लग्नाला बोलाव. दोघांना बोलवायचं जड जात असेल, तर माझी खुर्ची त्याला दे.

तुझीच,
जिभेला हाड नसलेली
आजी