संडासाचे गुप्तदाते

बेव्हर्ली पार्क, मीरा रोड
दत्तजयंतीचा दुसरा दिवस, १९९६

धाकू, सुभाषकडे तू निरोप धाडलास की अक्का म्हातारपणी दारोदार वर्गणी मागत फिरते, घराण्याचं नाव घालवलंन. मी सुभाषला विचारलं, नाव होतं कधी? त्यालाही आठवेना.

आता रीतीचं. चिरंजीव धाकूस अक्काचे आशीर्वाद. तुझा गुडघा, सुगंधाचा खोकला आणि म्हैस, तिघांची तब्येत कळव. मी ठणठणीत आहे, कुणाला आवडो न आवडो.

तर वर्गणीचं ऐक. आमच्याकडे काशीगावची सरूबाई भाजी घेऊन येते. तिची सुलू सातवीत, हुशार (आईला बसच्या पाट्या वाचून दाखवते, वर माझं जोडाक्षर सुधारते). गणपतीनंतर ही पोर शाळेच्या वेळात टोपलीपाशी बसलेली दिसायला लागली. मी सरूबाईला चांगलीच झापली. ती म्हणाली, "आजी, पोर मोठी झाली. शाळंत संडास न्हाय. उघड्यावर कुठं बसवू?"

त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीची सभा. गणपतीची वर्गणी थोडी उरलेली, ती त्याच शाळेला द्यायचं ठरलं. सेक्रेटरी हरिश्चंद्र म्हणाले, पंखा देऊ. म्हटलं, आधी बघून तर येते. गेले. तिथे पंखेच पंखे, पात्या-पात्यावर कुणाच्या तरी स्मरणार्थ. वीज बहुतेक नसतेच, त्यामुळे नावं निवांत वाचता येतात (हरिश्चंद्रांचे वडील तिथे आधीच लटकतायत). शाळेच्या बाई संघप्रिया म्हणून आहेत, त्यांना विचारलं, तुम्हाला काय हवंय? देणारे पुष्कळ येऊन गेले होते, विचारणारं कुणी नव्हतं. बाई हळूच म्हणाल्या, मुलींसाठी संडास.

उरलेल्या वर्गणीत नुसता खड्डा झाला असता, म्हणून मी घरटी मागायला निघाले. पंख्याला हो म्हणणारे सगळे संडासाला खोकायला लागले. हरिश्चंद्र म्हणाले, आजी, संडासावर वडिलांचं नाव कसं घालायचं? तिथे मला सुचलं. पुन्हा सभा बोलवायला लावली आणि सांगितलं, "देईल त्याचं नाव घालायचं नाही. देणार नाही त्याचं दारावर घालू, ऑइलपेंटनं."

चहा निवायच्या आत पाकिटं निघाली. तळमजल्यावरची हंसाबेन धापा टाकत आली, "बा, पैसा ले लो, पर मेरे ससुरजी का नाम मत लिखना." हरिश्चंद्रांनी दोनदा दिले, एकदा आपले, एकदा वडिलांच्या वतीनं. गुप्तदानासारखं दान नाही म्हणतात, ते आमच्या अख्ख्या बिल्डिंगीच्या हातून घडलं. भीतीनं घडलं, पण पुण्याला कोण कारण विचारतो?

काल उद्घाटन झालं. आतून कडी, बाहेर पाण्याचं पिंप, सगळं झकास. सरूबाई टोपली कुणाकडे तरी टाकून आली होती. हरिश्चंद्र फीत समोर धरून दानाच्या महतीवर बोलत होते, तेवढ्यात सुलू गणवेशात आली, फितीखालून वाकून आत शिरली आणि कडी लावलीन. भाषण बाहेर खोळंबलं. धाकू, एवढा मान मला माझ्या लग्नातही मिळाला नव्हता.

तुझी अक्का

ता. क. पेंटर सांगून ठेवला होता आणि बिल्डिंगीत न देणारं कुणी उरलं नाही. त्याला रिकाम्या हातानं कसा पाठवू? दारावर तुझं नाव घातलंय, गावासकट. अक्षर सुरेख आलंय.

आणखी एक. वरची पाण्याची टाकी राहिली आहे. मनिऑर्डर आली की नाव पुसून घेते. उत्तर तू लिहू नकोस, तुझं मला पाठ आहे. सुगंधानेच लिहावं.