बाईसाहेबांना वळण लावताना

प्रिय धाकटोबा,

तुझं पत्र मिळालं. त्यात हवापाणी, गुडघेदुखी, तुझ्या ऑफिसातलं राजकारण आणि मग अगदी तळाशी, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखी एक ओळ : ‘सुट्टीत मुलाला महिनाभर तुझ्याकडे ठेवावं म्हणतो, बाबा आता कसे आहेत?’ फोनवर विचारलं असतंस तर ‘बरे आहेत’ म्हणून मी मोकळी झाले असते. कागदावर विचारलंस, म्हणजे तुला खरं उत्तर हवंय. शिवाय तू लिहिलं नाहीस ते तुझ्या बायकोने परवा हळूच सांगितलं. पोरगा अजून कधीकधी अंथरूण ओलं करतो. तेव्हा चहा घे आणि बस. मी लांबण लावणार आहे.

बाबांची तब्येत खणखणीत आहे. घरात कुत्र्याचं पिल्लू आलंय, त्यामुळे तर जास्तच. तुझ्या भाचीने आणलं. ‘आई, सगळं मी करीन, तुला कळणारही नाही घरात कुत्रं आहे,’ असं म्हणून आणलं आणि कॉलेज सुरू होताच हॉस्टेलवर निघून गेली. ती गेली, मला कळायचं तेवढं कळतंय. पिल्लू मादी आहे, रंगाने जळक्या पोळीसारखी, आणि तिचा एकूण तोरा पाहून बाबांनी तिचं नाव ‘बाईसाहेब’ ठेवलं. पहिल्याच दिवशी बाईसाहेबांनी गालिचावर, मग बाबांच्या चपलेत आणि मग तुझ्या भावोजींच्या ऑफिसच्या बॅगेत हजेरी लावली. भावोजी नेहमीप्रमाणे ‘अगं, बघ ना’ एवढंच म्हणाले. बाबा उठले आणि त्यांनी वर्तमानपत्राची सुरळी केली. आधी कडा जुळवल्या, मग घट्ट वळली. तुला ती पद्धत माहीत आहे. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि माझे दोन्ही तळहात आपोआप पाठीमागे गेले. केस पिकले, चाळिशीचा चष्मा जाऊन जाड भिंगांचा आला, पण हात मागे! तुझ्या भाचीने मात्र ती सुरळी सरळ काढून घेतली. ‘आजोबा, वेडे आहात का?’ म्हणाली. असं म्हणून धडधाकट राहिलेली आपल्या घराण्यातली ती पहिलीच.

मग वरात निघाली प्राण्यांच्या डॉक्टरकडे. बोळकांडीएवढा दवाखाना, मधे पत्र्याचं टेबल, कोपऱ्यात वजनकाटा, आणि डॉक्टरीणबाई एवढीशी पोर, बाबांच्या निम्म्या उंचीची. बाबांनी तिला विचारलं, ‘थोडासा धाक हवाच ना हो?’ ती पिल्लाच्या कानात बघत बघत म्हणाली, ‘अजिबात नको आजोबा. मारायचं नाही, नाक घासायचं नाही, मागाहून ओरडायचंही नाही. तिला कळतच नाही कशाबद्दल ते. ती फक्त एवढंच शिकते, की तुम्ही आलात की घाबरायचं. आणि मग लपून करते.’ मी बाबांकडे बघितलं. वाटलं, आता काहीतरी होईल. चेहऱ्यावरून एखादी सावली तरी जाईल. बाबांनी मान डोलावली. ‘बरोबर आहे,’ म्हणाले, ‘मुका जीव.’ आपण दोघं बोलणारे होतो, तिथेच फसलो बहुतेक.

त्या दिवसापासून हा माणूस जे करतो ते बघत राहावं. पिल्लू झोपून उठलं की उचलून खाली, खाल्लं की खाली, खेळून दमलं की खाली. रोज त्याच दाराने, त्याच जिन्याने, कुंपणाशेजारच्या त्याच कोपऱ्यात. तिथे उभे राहतात, हूं की चूं न करता, एखाद्या देवडीवरच्या शिपायासारखे. ती जमीन हुंगत गोल गोल फिरायला लागली की यांचा श्वास अडकतो. आणि तिचं काम झालं, की झालेल्या क्षणी, मागाहून नाही, खिशातून उकडलेल्या अंड्याचा कण काढून तिच्या तोंडात, आणि म्हणायचं, ‘शाब्बास!’ हा शब्द बाबांना उच्चारता येतो, हे मला या वयात कळलं. तू नकाशाचं पहिलं बक्षीस आणलंस तेव्हा ‘अक्षर सुधार’ म्हणाले होते, आठवतं? घरात सांडलंच कधी, तर चकार शब्द नाही. स्वतः गुडघ्यांवर बसून व्हिनेगरच्या पाण्याने फरशी पुसतात, वास राहिला तर ती पुन्हा तिथेच जाईल म्हणून. मी फिनेलची बाटली पुढे केली तर मलाच झापलं. ‘अगं, चूक आपली. आपल्याला वेळ ओळखता आली नाही. तिचं काय चुकलं?’

मधे एक घोटाळा झाला, तो सांगते. हा ‘शाब्बास’ बाबा थोडा लवकर म्हणायला लागले. उत्साहाच्या भरात, ती बसायच्या आधीच. बाईसाहेब हुशार. तिने अर्थ लावला की हा शब्द कानावर आला की बसायचं. परवा टीव्हीवर सामन्यात कुणीतरी ‘शाब्बास’ ओरडलं आणि तिने सोफ्यावर तळं केलं. शेजारीण नातवाचं प्रगतिपुस्तक दाखवायला आली, मी सवयीने बोलून गेले, तिच्या साडीची वाट लागली. डॉक्टरीणबाईने फर्मान काढलं की तो शब्द काही दिवस घरात उच्चारायचा नाही. एवढ्या वर्षांनी एक शब्द पाहुणा म्हणून आला होता, त्यालाही दारातून परत पाठवावं लागलं.

तुझी गादी मला अजून दिसते. सकाळी ती ओली निघाली की चादर पुढच्या गॅलरीत, रस्त्याच्या बाजूला वाळत टाकायची आणि तिच्याशेजारी तुला उभं करायचं, शाळेला जाणारी पोरं खालून जाईपर्यंत. त्याआधी ती शिसवी पट्टी. बाबा नकाशे काढायचे ती. आई स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडायची, म्हणजे ऐकू येणार नाही. तुला वाटायचं, ती भांडी घासते. पुढे तू पाणी प्यायचंच बंद केलंस आणि एकदा शाळेत चक्कर येऊन पडलास. तेव्हा डॉक्टरांना बाबा म्हणाले, ‘हट्टी आहे हो.’ डॉक्टरीणबाईचं ते ‘घाबरायचं आणि लपून करायचं’वालं वाक्य मी त्या दिवसाला लावून पाहिलं. तंतोतंत बसलं.

आता बागेतलं. संध्याकाळी कुत्री घेऊन येणाऱ्या बायाबाप्यांचा एक कंपू आहे, आणि बाबा त्यांचे महाराज झालेत. कुणाचं पिल्लू चुकतं, कुणाचं चावतं, सगळे यांच्या बाकाशी. गेल्या आठवड्यात एका तरण्या बाप्याने आपल्या कुत्र्याच्या पाठीत धपाटा घातला, तर बाबा ताडकन उठले. ‘अहो, हात काय उचलता? मी दोन मुलं वाढवली, कधी बोट लावलं नाही. विचारा हिला.’ घरी परतल्यावर मी जिन्यात विचारलं, ‘बाबा, आणि ती शिसवी पट्टी?’ ते थांबले. त्यांनी खरोखर आठवून पाहिलं. मग हळहळून म्हणाले, ‘हरवली बघ ती घर बदलताना. फार छान होती. रेघ काय सरळ यायची!’ धाकट्या, ते खोटं बोलत नव्हते. खोटं बोलले असते तर मी भांडले असते.

तर तुझं उत्तर. पोराला खुशाल पाठव. त्याला इथे कुणी बोट लावणार नाही, आणि त्याने अंथरूण ओलं केलंच तर बाबा गुपचूप चादर बदलतील, त्याच्यावर जीव टाकतील. त्यासाठी एवढं लिहायची गरज नव्हती. हे पत्र तुझ्यासाठी आहे. तुझी बायको म्हणाली, तूही रजा टाकली आहेस, आठवडाभर सोबत राहणार आहेस. पोराला सोडायला आठवडा लागत नाही. तुला वाटतंय, बाबा बदललेत, तर एखाद्या संध्याकाळी ते तुला जवळ बसवतील आणि काहीतरी बोलतील. ते बदललेत रे. पण ज्याने तुला मारलं तो त्यांना आठवतच नाही, मग माफी मागणार कोण? ते जेवताना तुझ्या पाठीवरून हात फिरवतील, पोराला सांगतील, ‘तुझ्या बाबाला मी कधी बोट लावलं नाही,’ आणि तू, मला माहीत आहे, मान हलवशील. बागेत सगळे माझ्याकडे बघत होते तेव्हा मीही हलवली. एका घरात एक पुरे. पोराला घ्यायला मी स्टेशनवर येते. त्याची बॅग माझ्या हातात दे आणि परतीच्या गाडीत बस.

तुझीच,
तोंडाळ ताई