एका न्हाणीत चार धातू

वडवणी
मंगळवार

ती. सुनिताताईंना वनमालाचा वाकून नमस्कार. (तुम्ही उलट वाकू नका, ऑपरेशनचा गुडघा आहे.)

गेवराईत भाऊजींची शुगर आणि तुमची नवी म्हैस, दोन्ही ताब्यात असतील असं धरून चालते. फोनवर तुम्ही "बरी हाय" म्हणता, मी "बरं" म्हणते आणि आपलं बोलणं संपतं. म्हणून पत्र लिहितेय. कागदावर मध्येच थांबलं तरी समोरचं माणूस फोन ठेवत नाही.

आत्याबाईंचं वर्षश्राद्ध पुढच्या गुरुवारी आहे, हे तुम्हाला सांगायला नको. तुमची आई होती ती. पण तेराव्याच्या संध्याकाळी तुमचे भाऊ तुम्हाला म्हणाले, "ताई, तू आजच नीघ. हितं तुझी गैरसोय व्हतीया," आणि तुम्ही पिशवी उचललीत ती आजपर्यंत वडवणीला आला नाहीत. आई गेली आणि भावानं दार दाखवलं, असं तुम्ही केशरबाई मावशींजवळ बोललात, तेही आमच्यापर्यंत पोचलं. (मावशींना सांगितलेलं सगळ्या गल्लीला पोचतं. तुम्हाला हे मी काय सांगणार, त्या आत्याबाईंच्याच सख्ख्या बहीण.) तर खरं काय झालं ते ऐका. त्या सकाळी आपल्या जुन्या संडासात तुम्हाला उठता येईना, मी आणि मावशींनी तुम्हाला दोन्ही बाजूंनी धरून उभं केलं, आणि ते तुमच्या भावांनी अंगणातून ऐकलं. त्यांना वाईट वाटलं. त्यांना वाईट वाटलं की ते रागावल्यासारखं बोलतात. आत्याबाई असत्या तर लगेच "त्याला असं म्हणायचंय" करून सगळं उलगडून सांगितलं असतं. आमच्या घरात बोलणाऱ्या त्या एकट्याच होत्या. आता आम्ही दोघं जेवताना आपापल्या ताटाकडे बघतो.

मग दिवाळी झाल्यावर एका सकाळी हे पहार घेऊन न्हाणीत शिरले. काय करताय म्हणून विचारलं तर म्हणाले, दिसत न्हाई का. दुपारी न्हाणी आणि संडासाच्या मधली भिंत पडली तेव्हा पुढचं वाक्य आलं, "ताईला वर बसायचं लागतं." ताई, माफी मागायला फार तर दोन शब्द लागतात. तुमच्या भावांनी दोन ट्रॉली विटा आणल्या. (मधले वीस दिवस आम्ही अंघोळीला आणि संडासला मावशींच्या घरी जात होतो. त्यांनी रोज दारातच "आलात का" विचारलं आणि रोज मी "आलो" म्हणत आत पळाले.)

कमोड बसला, फरशी बसली, पाणी कुठे तुंबत नाही. अडलं ते तोट्यांपाशी. बीडच्या दुकानात भिंतभर तोट्या टांगलेल्या, आणि तो सेल्समन विचारतो, फिनिश कोणतं दाखवू? हे म्हणाले, पाणी येणारं. मग त्यानं सोनेरी, गुलाबी सोनेरी, क्रोम, काळं, अँटिक असं सगळं मांडलं. यांनी अर्धा तास बघून सोनेरी उचललं. का, तर ताईला पिवळं शोभतं. मी म्हटलं, साडी घेत नाही आपण. पण ते मनातल्या मनात म्हटलं, त्यामुळे उपयोग झाला नाही.

घरी येऊन पुण्याला स्वप्नालीला व्हिडिओवर दाखवलं. तुमची भाची इंजिनिअरिंग शिकते, त्यामुळे तिला सगळंच येतं. तिनं सांगितलं की एका बाथरूममध्ये सगळं एकाच रंगाचं पाहिजे, फार तर दोन, आणि हे सोनेरी म्हणजे मंगल कार्यालय वाटतंय. मग सोनेरी तोट्या परत गेल्या. टॉवेलचा सोनेरी रॉड मात्र यांनी दिला नाही, भिंतीला लावूनच टाकला. तिच्या सांगण्यावरून शॉवर आणि तोट्या काळ्या आणल्या. दिसायला छान होत्या, पण आपलं बोअरचं पाणी तुम्हाला ठाऊक आहे. आठवड्यात त्या तोट्या भस्म फासलेल्या बैराग्यासारख्या दिसायला लागल्या. प्लंबर हनुमान म्हणाला, "म्या पैल्यापासून सांगत होतो, साधं क्रोम बसवा. कावून ऐकत न्हाईत तुमी?" (त्यानं पहिल्यापासून काहीच सांगितलं नव्हतं. पहिल्यापासून तो चहा पीत होता.) बोलता बोलता त्यानं कमोडजवळचा जेट क्रोमचा लावूनही टाकला.

तिसऱ्या खेपेला अँटिक तोट्या आणल्या. म्हणजे पितळच, पण मुद्दाम काळपट केलेलं, पन्नास वर्षं जुनं वाटावं असं, आणि त्याचे पैसे नव्यापेक्षा जास्त. पाण्याचे डाग त्यात दिसत नाहीत. हे पहिल्यांदाच खुशीत दिसले. काळ्या शॉवरशीही ते बरं जुळत होतं, स्वप्नालीनंसुद्धा पास केलं. आणि शनिवारी मी अंगणवाडीत कामावर गेले असताना केशरबाई मावशी श्राद्धाची भांडी घासू लागायला आल्या.

तुम्हाला पुढचं कळलं असेल. मावशींनी आयुष्यात काळं पितळ तसंच सोडलेलं नाही. मी परत आले तेव्हा त्या पाटावर बसून चिंच, मीठ आणि राखेनं तोटी घासत होत्या, आणि तोटी घंगाळासारखी लखलखत होती. दुसरीही अर्ध्यावर आली होती. "तुझ्या रामाला दुकानदारानं जुना माल गळ्यात बांधला गं," म्हणाल्या, "पर म्या काढलं बघ सम्दं. लई मळ व्हता." त्यांचे हात काळे झाले होते आणि चेहऱ्यावर असं समाधान होतं की मी त्यांना आणखी चिंच आणून दिली. दुसरं काय करणार.

संध्याकाळी हे आले. न्हाणीच्या दारातून त्यांनी एकेक बघितलं. सोनेरी रॉड, काळा शॉवर, क्रोमचा जेट, पिवळ्याधमक पितळी तोट्या. बाजार समितीच्या निवडणुकीत ऐन वेळी सगळ्यांचं मिळून एक पॅनल होतं, तशी ती न्हाणी दिसत होती. मला वाटलं आता मावशींवर ओरडतील. पण ते एवढंच म्हणाले, "आता ताईला काय दाखवू?"

तेव्हा ताई, चारांतला कोणता धातू ठेवायचा ते तुम्ही ठरवा आणि त्यांना कळवा. तुम्ही सांगाल ते बसेल. बाकी सर्व ठीक. भाऊजींना नमस्कार सांगा.

तुमची
वनमाला

ता. क. तोटीचं फोनवर सांगितलं तरी चालेल, पण कमोडशेजारी धरून उठायला स्टीलचा दांडा लावायचाय, त्याचं काम फोनवर होत नाही. किती उंचीवर लावायचा ते हनुमानला कळेना. यांनी बसून बघितलं, पण ते पावणेसहा फूट. मी बसून बघितलं, पण मी दांड्याशिवायच उठते. हनुमान म्हणतो, नव्या फरशीला दोनदा भोक पाडणार नाही, ज्यांचं माप त्यांना आणा. म्हणून श्राद्धाच्या दोन दिवस आधी या. नंतरही चार दिवस राहा.

आणखी ता. क. खरं लिहायचं तर ताई येणार आहेत, असं मी काल रात्री जेवताना तुमच्या भावांना सांगून टाकलंय. तुम्हाला न विचारता. हे जेवायचे थांबले. आज सकाळी गाडी काढून कुठे गेले ते सांगितलं नाही, आणि दुपारी मांजरसुंब्याहून दोन किलो रबडी घेऊन आले. वर्षभरात या घरात त्यांनी गोड आणलं नव्हतं. मी म्हटलं, ताईंना यायला अजून आठवडा आहे, तोवर ही टिकायची नाही. तर म्हणाले, "मंग ही आपुन खाऊ. तवा परत आणतो."