उजव्या हाताची वाट

केझाया,

मी माळावर जातोय. ओरडू नकोस, काठी घेतली आहे. आपल्याकडे उतरलेलं जोडपं चार वाटांवरचा जुना दगड बघायला गेलंय, आणि तू त्यांना सांगितलंस, "नाव दिसेल तिकडे सरळ जा!" अगं, नावासमोर उभं राहून उजव्या हाताची वाट धरायची असते. सरळ गेले तर दलदलीत रुततील. धुकं उतरायच्या आत त्यांना गाठतो.

शेजारच्या जेथ्रोला पाठवता आलं असतं, कबूल. पण मेंढ्या राखताना जन्मभर त्या दगडाला टेकून पाव खाल्ला, त्यावर काय लिहिलंय ते कधी कळलं नाही. गेल्या हिवाळ्यात तू अक्षरं शिकवलीस. पाहुणे सापडले की चारही बाजू वाचूनच परतेन. उशीर झाला तर दोष तुझाच.

बाबा